चप्पल घातली की करंट लागत नाही म्हणे!

परवा दुपारी माझ्या धाकट्या बहिणीने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, "दादा, हे वाच आणि मग बोल." आदल्या रात्री आमचं फोनवर वाजलं होतं. भाचा सोळा वर्षांचा. दहावीची परीक्षा संपल्यापासून कॅटरिंगला जातो, लग्नात वाढायला. एका लग्नाचे चारशे रुपये. मी म्हटलं होतं, बंद कर हे. तिने मला गप्प करायला हा मेसेज आणला. त्यावर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का होताच.

मेसेज लांबलचक आहे, शेवटी जोडलेले हात आणि तिरंगा. त्यातला माल असा: सुट्टीत मोबाइल चोळत बसण्यापेक्षा मुलांना कामाला लावा. चौदा वर्षं पूर्ण झाली की कायद्याची कुठलीच आडकाठी नाही. उन्हात काम केलं की सवय होते, खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही. मांडव, कूलर, लायटिंग ही तर घरगुती कामं. पायात रबरी चप्पल असली की करंट लागत नाही, आणि लागलाच तर बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे आपोआप बंद होणारा खटका, पडतो. सुट्टीतलं काम म्हणजे नोकरी नव्हे, त्यामुळे काही झालं तर मालकाची जबाबदारी नाही. आणि हे सगळं कमी पडलं म्हणून शेवटी कर्मवीर भाऊराव पाटील: त्यांनीही मुलांना कामाला लावूनच घडवलं.

मी क्रमाने जाणार नाही. चपलेपासून सुरू करतो, कारण नागपुरात बावीस वर्षं वायरिंगची कामं करून माझे हात याच गोष्टीत पोळलेत. आणि दुसरंही एक कारण आहे, जे बहिणीला हे वाचूनच कळणार आहे.

मागच्या रविवारी भाचा माझ्याकडे आला होता. उजवा हात खांद्यापासून दुखतोय म्हणाला. खोदून विचारलं तेव्हा निघालं. शहराबाहेरच्या एका लॉनवर लग्न होतं. तो गेला होता वाढायला. वरात यायची होती म्हणून पोरं मोकळी उभी होती. कुणीतरी हाक मारली, "ए छोट्या, जरा कूलरमध्ये पाणी टाक." मोठा पत्र्याचा कूलर, चालू. खाली लॉन ओलं, पायात चप्पल, हातात पाण्याचा पाइप. दुसरा हात पत्र्याला लागला आणि हा दोन हात मागे फेकला गेला. बाकीचे हसले. "काही नाही होत बे, झटका आहे." मग याने हाताला फडकं गुंडाळलं आणि उरलेला कूलर भरला.

मी विचारलं, परत कशाला गेलास? म्हणाला, "मामा, नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी बोलावत नाहीत."

त्या वाक्यावर मी नंतर येतो. आधी चप्पल. कोरडी, धड तळव्याची, जाड रबरी चप्पल थोडाफार अडसर करते, हे मान्य. पण लग्नाच्या लॉनवर कोरडं असतं काय? कूलरभोवती चिखल असतो, चप्पल झिजलेली असते, पाय निम्मा बाहेर असतो. आणि करंटला जमिनीत जायला पायच लागतात असं कुणी सांगितलं? एक हात कूलरच्या पत्र्याला आणि दुसरा मांडवाच्या लोखंडी पाइपाला किंवा नळाला लागला की झालं. मग तो एका हातातून शिरतो, दुसऱ्यातून निघतो, आणि वाटेत छाती असते. तिथे पायात काय घातलंय याचा काडीचा संबंध नाही.

आता एमसीबी. हा गैरसमज शिकलेल्या लोकांतही आहे म्हणून नीट सांगतो. एमसीबी माणसाला वाचवायला नसतोच, तो वायर जळू नये म्हणून असतो. सोळा अँपिअरचा एमसीबी म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर. माणसाच्या हाताचे स्नायू दहा मिलिअँपिअरच्या आसपास असे आखडतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या पुढे काही क्षण गेले तर जिवावर बेतू शकतं. घरातला नऊ वॅटचा एलईडी बल्ब चाळीसेक मिलिअँपिअर खातो. म्हणजे पोराच्या छातीतून एका बल्बाइतका करंट वाहत असला तरी एमसीबी जागचा हलत नाही. त्याच्या हिशोबाने कुठेतरी एक बल्ब लागला आहे, एवढंच.

अशा वेळी पडते ती आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळतोय हे ओळखून बंद होणारा खटका, तीस मिलिअँपिअरची. ती माणसासाठी असते. सोबत चालू अर्थिंग लागतं. मी ज्या लॉनवर कामं केली तिथे तात्पुरत्या बोर्डवर मला ती क्वचितच दिसली. दिसतो तो तिसरी पिन तोडलेला प्लग, टेप गुंडाळलेला जोड गवतात, आणि कूलरच्या टाकीत बुडालेला जुना पंप, ज्याच्या वायरीचं इन्सुलेशन दोन उन्हाळ्यांपूर्वीच गेलेलं. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, हे इथे कुणाला नवं नाही. महावितरण दर वर्षी तेच सांगतं: पाणी भरण्याआधी बटण बंद करा आणि प्लग काढा. फक्त बटण बंद करून भागत नाही. बटण चुकून न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर, बसवलेलं असलं तर आत करंट तसाच राहतो. हे काम दोन मिनिटांचं आहे. पण तोवर मंडपातली पाहुणेमंडळी उकडतात म्हणून कुणी कूलर बंद करू देत नाही, आणि पाणी टाकायला सगळ्यात लहान पोरगं पाठवतात.

(कुणी चिकटलंच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने ढकला. श्वास चालू नसेल तर छाती दाबायला लागा आणि १०८ ला फोन करा. मेसेजमधल्या शहाण्याने 'तळपाय चोळा' असंही लिहिलंय. चोळा, पण आधी हे सगळं करा.)

चौदा वर्षांचा मुद्दा. यात अर्धं खरं आहे, आणि हेच अर्धं खरं बहिणीने मला दाखवलं. होय, बालकामगारांच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार चौदाच्या आतल्या मुलांना कामाला लावण्यास बंदी आहे. घरच्या धंद्यात शाळेबाहेरच्या वेळात हातभार आणि कलाकार म्हणून काम एवढीच सूट. चौदा ते अठरा या वयाला तो 'किशोरवयीन' म्हणतो, आणि खाणी, स्फोटकं-ज्वालाग्राही पदार्थ, धोकादायक प्रक्रिया सोडून बाकी काम करू देतो. इथवर मेसेज वाचला तर बरोबर वाटतो.

पण 'करू देतो' याच्यापुढे कलम ७ आहे, ते मेसेजवाल्याने गिळलं. ते म्हणतं: सलग तीन तासांहून जास्त काम नाही, मध्ये किमान एक तास विश्रांती. ही विश्रांती आणि काम मिळायची वाट बघण्याचा वेळ धरून सगळं मिळून सहा तासांच्या आत. ओव्हरटाइम नाही. आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात काम नाही म्हणजे नाही. शिवाय आठवड्याला एक पूर्ण सुट्टी.

आता लग्नाचं जेवण किती वाजता सुरू होतं ते मला सांगा. भाचा दुपारी चारला टेम्पोत बसतो. मांडवाच्या पायथ्याशी भांडी उतरवतो, खुर्च्या लावतो, आठला वाढायला उभा राहतो, अकराला पंगत उठते, मग भांडी चढवायची, आणि घरी पोचतो पहाटे दोनला, त्याच टेम्पोत भगुण्यांच्या मध्ये बसून. त्या दिवसातला एक तासही कायद्याच्या चौकटीत बसत नाही असं नाही. चार ते सात बसतात. बाकी सात तास बसत नाहीत. म्हणजे रात्रीच्या लग्नात अठराच्या आतला वाढपी हा मुळातच बेकायदा आहे, मग तो चौदाचा असो की साडेसतराचा. बहिणीने मला हे ऐकून विचारलं, "मग सगळेच कसे नेतात?" नेतात. वाढपी कमी पडतात, पोरं स्वस्त मिळतात, आणि वय विचारायला रात्री अकरा वाजता लॉनवर कुणी येत नाही.

ऊन. खिशातल्या कांद्यावर मी शब्द घालवणार नाही. कांदा पोळीसोबत खा, पन्हं प्या, दुपट्टा बांधा, हे सगळं आपली आजी सांगायची आणि त्यात पाणी, मीठ आणि सावली होती म्हणून ते चालायचं. खिशातल्या कांद्याने फक्त खिशाला वास येतो.

'सवय होते' हे मात्र मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. शरीराला उन्हाची सवय होते, खरंच होते. पण तिला एक-दोन आठवडे लागतात, आणि मेसेजची सगळी गोम इथेच आहे. अमेरिकेतलं कामगार-सुरक्षा खातं सांगतं, तिथे कामावर उन्हाने दगावलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक कामाच्या पहिल्याच दिवशी गेलेत, आणि सत्तर टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात. म्हणून तिथला सल्ला असा, की नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या वीस टक्केच उन्हात ठेवा आणि रोज वीस टक्क्यांनी वाढवा. आपल्याकडे पहिल्या दिवशी नव्यालाच सगळ्यात जास्त पळवतात, 'बघू दम आहे का' म्हणून. सुट्टीत कामाला जाणारं पोरगं आज एका लॉनवर, चार दिवसांनी दुसरीकडे, मग मांडव उतरवायला. ते कायम पहिल्याच आठवड्यात असतं.

आणि 'कष्ट करणाऱ्याला ऊन बाधत नाही' असं ज्यांना वाटतं त्यांनी १६ एप्रिल २०२३ चं खारघर आठवावं. पुरस्काराचा सोहळा, मैदान उघडं. माणसं कष्ट करत नव्हती, नुसती बसली होती. चौदा जण गेले. तिथलं हवामान नागपूरच्या मे महिन्याच्या मानाने सौम्य म्हणायचं. आमच्याकडे पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा दुपारी लोखंडी पाइप हातात धरवत नाही, आणि मांडववाले पोरांना तेच पाइप चढवायला लावतात.

'मालकाची जबाबदारी नाही' हे सरळ खोटं आहे. कामावर इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची हे या देशात १९२३ पासून चालत आलंय. आणि काही कंत्राटदार पोरांकडून 'माझी जबाबदारी मी घेतो' असं कागदावर लिहून घेतात, त्याला काही अर्थ नाही. अठराच्या आतल्याने केलेला करार रद्दबातल असतो, हे १९०३ सालीच ठरलेलं आहे. कागद दाखवला तर घाबरू नका.

राहिले कर्मवीर. त्यांचं नाव इथे बघून माझा तोल खरा सुटला. भाऊरावांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, मुलांना स्वावलंबनाने शिकवलं. मुलं काम करायची, पण काम संपल्यावर ती त्यांच्याच छपराखाली जेवायची आणि झोपायची. पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं. ज्या माणसाच्या घरात मुलाला भाकर मिळावी म्हणून मंगळसूत्र मोडलं गेलं, त्याचं नाव चारशे रुपयांत पोराला रात्री दोनपर्यंत राबवणाऱ्याच्या बाजूने घ्यायला जीभ कशी वळते?

मोबाइलबद्दल मेसेजशी माझं भांडण नाही. पोरगं दिवसभर रील बघत लोळण्यापेक्षा काम करतंय हे मलाही बरं वाटतं. मी स्वतः नववीपासून बाबांसोबत कामावर जायचो. पण बाबा शेजारी होते. मी प्लगकडे हात नेला की त्यांचा आवाज यायचा. भाच्याच्या शेजारी कोण होतं? त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा, तितकाच नवखा पोरगा, जो हसला. नवखं पोरगं विचारत नाही, नाही म्हणत नाही, आणि दुखलं तर आईला सांगत नाही. त्याला वाढायला नेतात आणि कूलर भरायला लावतात, आणि दोन्हीत फरक आहे हे त्याला कळेपर्यंत हंगाम संपतो.

तर बाई, तुझा पोरगा आता माझ्या दुकानात बसतो. सकाळी अकरा ते चार, मध्ये जेवायची सुट्टी, बिलं लिहितो, माल मोजतो. बोर्डाला हात लावायचा नाही असं बजावलंय, लावला तर घरी पाठवीन. त्या कॅटररकडे दोन लग्नांचे आठशे रुपये अजून अडकले आहेत. ते आणायला शनिवारी मी स्वतः त्या लॉनवर जाणार आहे. टेस्टर खिशात घेऊन.