स्मार्ट टेलिस्कोपचे फोटो ‘डाउनलोड केलेले’ नसतात

‘हे छोटे स्मार्ट टेलिस्कोप फोटो काढतच नाहीत, नेटवरची तयार चित्रं दाखवतात’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

उदाहरण म्हणून सीस्टार एस५० हा मोबाइलवरून चालणारा स्मार्ट टेलिस्कोप घ्या. भिंग ५० मिमीचं, फोकल लेंथ (भिंगापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) २५० मिमी. तो १०-१० सेकंदांचे फोटो काढून ते एकावर एक रचतो. तासाभरात साधारण ३६० फ्रेम होतात आणि फोटोतला रवाळपणा सुमारे १९ पटीने (३६०च्या वर्गमुळाइतका) घटतो. म्हणून मृग नक्षत्रातला तेजोमेघ पहिल्या फ्रेममध्ये मळकट दिसतो आणि हळूहळू उजळत जातो. इंटरनेट बंद ठेवूनही हे होतं. एखाद्या सुट्या फ्रेममध्ये उपग्रहाची रेघ सापडते, रचलेल्या फोटोचे कोपरे फाटल्यासारखे दिसतात (आकाश फिरतं ना!). डाउनलोड केलेल्या चित्रात असली घाण कशाला असेल?

संशयाला थोडी जागा आहे, ती एआय डिनॉइजमुळे, म्हणजे एआयने रवाळपणा पुसायच्या सोयीमुळे. ते वापरलं की बारकावे खरे किती, हे सांगणं अवघड. मी ते बंदच ठेवतो.

आणि हो, ग्रहांसाठी घेत असाल तर थांबा. यात गुरू जेमतेम २० पिक्सेलचा ठिपका दिसतो.