नफा वाढला म्हणजे कारभार सुधारला असं नाही

बँकांचा नफा वाढला, थकबाकी घटली ती चोख कारभारामुळे आणि थकबाकी जास्त असलेल्या शाखा अकार्यक्षम, हे एका लेखातलं म्हणणं अर्धंच खरं. मार्च २०१८ मध्ये ११ टक्क्यांवर गेलेला एनपीए, म्हणजे एकूण कर्जांतला थकीत कर्जांचा वाटा, मार्च २०२४ पर्यंत ३ टक्क्यांखाली आला, त्यात निर्लेखित, म्हणजे वसूल होत नाहीत म्हणून हिशेबातून काढून टाकलेल्या, कर्जांचा हात मोठा आहे. आमच्या नागपूरकडे बघा. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये, पण कळमन्याच्या बाजार समितीत बराच माल त्याहून कमी भावात गेला. मग पीककर्ज थकणारच! शाखेत माणसं तीच, मेहनत तीच. फक्त कर्जवाटप सोडून दिवसभर वसुलीचे फोन. अशा शाखेला अकार्यक्षम ठरवणं सरळसरळ अन्याय आहे. तुलना करायचीच तर सारखी पिकं, सारखा बाजार असलेल्या शाखांची करा.