लिफ्ट बंद पडली की ग्रुपवर पेटणाऱ्यांसाठी

गुरुवारी आमच्या लालबागच्या बिल्डिंगची लिफ्ट सातव्या-आठव्याच्या मध्ये अडकली, आत नवव्यावरच्या काकू आणि त्यांचा नातू. झालं, सोसायटीचा ग्रुप पेटला. लिफ्टवाले चोर आहेत, एएमसी (वार्षिक देखभालीचे पैसे) फुकट खातात, कंपनी बदला, नेहमीचंच.

सेक्रेटरी मी, म्हणून मेकॅनिकसोबत वर मशीन रूममध्ये गेलो. त्याने आधी मेन स्विच पाडला, हेल्परला आठव्यावर उभं केलं आणि ब्रेक थोडा थोडा सोडत लिफ्ट वर घेतली. हो, वर! मला वाटायचं ब्रेक सोडला की खालीच जाणार. तर म्हणे काउंटरवेट, म्हणजे रोपच्या दुसऱ्या टोकाचं वजन, रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतं, लिफ्टच्या पूर्ण लोडच्या जवळजवळ अर्ध्याने जास्त, त्यामुळे आत दोनच माणसं असली की ओढ वरच्या बाजूला. आणि काकू बिचाऱ्या रोप तुटेल म्हणून आत रामरक्षा म्हणत होत्या.

बिघाड निघाला बाराव्यावर. सिलच्या, म्हणजे दरवाजा सरकतो त्या उंबरठ्याच्या, खाचेत दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, एवढुसा. त्याच्यामुळे दरवाजा पूर्ण बसेना. सगळ्या मजल्यांच्या डोअर लॉकची वायरिंग सिरीजमध्ये असते, एक कॉन्टॅक्ट सुटला की लिफ्ट जिथे असेल तिथे थांबते. शिवाय आपण लॉबी पाईप लावून धुतो, ते पाणी शाफ्टमध्ये जातं आणि कॉन्टॅक्ट गंजतात ते वेगळंच.

म्हणजे लिफ्ट बिघडली नव्हती हो, तिने तिचं काम केलं होतं.

आता खरं सांगतो. गेल्या वर्षी गणपतीत असाच प्रॉब्लेम आलेला, पार्ट दोन दिवसांनी मिळणार होता, तेव्हा मीच मेकॅनिकला म्हटलं दादा घरोघरी पाहुणे आहेत, काहीतरी जुगाड करा. तो नको नको म्हणत होता, मी मागेच लागलो, शेवटी त्याने वायर टाकून दरवाजांच्या लॉकचं सर्किटच शॉर्ट केलं, म्हणजे दरवाजा उघडा असला तरी लिफ्टला तो बंदच वाटणार. लिफ्ट सुरू, ग्रुपवर अंगठेच अंगठे. दुसऱ्या दिवशी पाचव्यावर मी एक पाय आत टाकला आणि दरवाजा सताड उघडा असताना लिफ्ट निघाली. कसा मागे पडलो मलाच माहीत. वायर त्याच संध्याकाळी काढायला लावली, पण ग्रुपवर काही टाकलं नाही.

लिफ्टचा कायदा आहे, १९३९ चा जुना जाऊन २०१७ चा नवीन आला, सरकारी लिफ्ट इन्स्पेक्टर आहे, पण तो काय रोज येऊन आपल्या खाचा बघणार? आपण एजीएममध्ये (वार्षिक सभेत) लॉबीच्या ग्रॅनाईटला पाच मिनिटांत हात वर करतो आणि एएमसी मात्र सगळ्यात स्वस्तातली, नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे प्रत्येक पार्टला वेगळे पैसे आणि प्रत्येक पार्टला वेगळं भांडण. मग मेकॅनिकवर जुगाडाचं प्रेशर येणारच ना.

काल ग्रुपवर टाकलं की लॉबी धुवायला पाईप नाही, बादली आणि पोछा. बाराव्यावरून लगेच रिप्लाय, बादली सोसायटी देणार का?