बाराच्या भावात

बाहुलीघराचं सगळं गणित एका भागाकारावर उभं असतं : भागिले बारा. आपल्या जगातला एक फूट म्हणजे तिथला एक इंच. सहा फुटी कपाट सहा इंचांचं, ४५ सेंटिमीटर उंचीची खुर्ची पावणेचार सेंटिमीटरची आणि साडेपाच फुटी घरमालकीण १४ सेंटिमीटरची. इतकं सोपं आहे. अडचण एवढीच, की काही गोष्टी या भागाकारात सामील व्हायला साफ नकार देतात. धूळ बारांनी भागली जात नाही. गुरुत्वाकर्षण भागलं जात नाही. रंगाची जाडी, कापडाचा ताठा, आपली बोटं आणि लागणारा वेळ हे सगळं पुऱ्या मापात घरात शिरतं. डोक्यावरचा एक केस त्या दिवाणखान्यात पडला की तिथल्या मापाने तो जवळजवळ एक मिलिमीटर जाडीची तार असते. दोन सेंटिमीटर रुंदीचा माझा अंगठा तिथे पाऊण फुटाचा होतो, आणि त्या अंगठ्याने मला बशीत कप ठेवायचा असतो.

त्यातून डागडुजीला हातात आलेलं जुनं घर बाराच्याच भावातलं असेल याची खात्री नाही. ट्रायअँग या ब्रिटिश खेळणी कंपनीची बरीच घरं १:१६ च्या आसपासची. (१९१९ साली तीन लाइन्स बंधूंनी कंपनी काढली, आणि तीन लाइन्स म्हणजे त्रिकोण, म्हणून ट्रायअँग. लाकडी खेळणी करणाऱ्यांचा विनोदही तासून गुळगुळीत केलेला.) स्वीडनच्या लुंडबी कंपनीची घरं १:१८ ची. तेव्हा आधी दाराची उंची मोजावी. खरं दार साधारण दोन मीटरचं धरलं, तर १७ सेंटिमीटर म्हणजे बारा, साडेबारा म्हणजे सोळा आणि ११ म्हणजे अठरा. मग जिना मोजावा, आणि तो तिसरंच काही सांगतो. जुने कारागीर हाताला लागेल ती फळी वापरत. घराला जिना असलाच तर त्याच्या पायऱ्या घरमालकिणीच्या गुडघ्याला लागतात, आणि नसला तर ती वरच्या मजल्यावर कशी पोचते हा प्रश्न विचारायचा नसतो.

घर आलं की पहिले काही दिवस काहीही करायचं नाही. हे या छंदातलं सर्वांत अवघड काम. फोटो काढावेत, प्रत्येक खोलीचे वेगळे, छताचेही. सुटलेला प्रत्येक तुकडा, मग तो निरर्थक लाकडाचा चुरा का वाटेना, पाकिटात घालून वर खोलीचं नाव लिहावं. तो चुरा बहुधा कठड्याचा दांडा निघतो. मग घर काळ्या कागदावर ठेवून द्यावं. आठवड्याने कागदावर पिवळसर भुशाच्या बारीक राशी दिसल्या तर घरात भाडेकरू आहेत. ही लाकूड पोखरणारी कीड. फर्निचर लहान असल्यामुळे त्यावर चांगला उपाय आहे : प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड बंद करून उणे १८ अंशांत दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, म्हणजे दंव पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरतं, लाकडाला नाही. घर मात्र फ्रीजरमध्ये मावत नाही. मग सुईने एकेका छिद्रात कीडनाशक सोडत बसायचं. छिद्रं मोजायची नाहीत.

रंगाचं भय वेगळं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या रंगांत शिसं असू शकतं, म्हणून कोरडा पॉलिशपेपर चालवणं बंद. पोपडे धरलेली जागा ओल्या पॉलिशपेपरने, तोंडाला धुळीचा मास्क बांधून, आणि पुसलेलं फडकं सरळ टाकून द्यायचं. मुलांना जवळ फिरकू द्यायचं नाही. खेळणं मुलांपासून वाचवायचं आणि मुलं खेळण्यापासून, असा हा छंद आहे.

धूळ आणि काजळी काढायला तर एक अस्सल घरगुती द्रव आहे : थुंकी. हसू नका. थुंकीतल्या अमायलेझ या विकरामुळे नाजूक रंगीत पृष्ठभागावरचा मळ सुटतो. वस्तुसंग्रहालयांतले जतनतज्ज्ञ ती वापरतात, आणि ती किती चांगली साफ करते हे मोजणाऱ्या संशोधनाला २०१८ चं रसायनशास्त्राचं इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. कापसाची काडी जिभेवर ओली करावी, हलक्या हाताने गोल फिरवावी, काळी झाली की फेकावी, नवी घ्यावी, शेवटी साध्या पाण्याच्या काडीने पुसावं. भिंतीला लागलेली काडी परत तोंडात जाता कामा नये. शिशाचा परिच्छेद वर येऊन गेलाच आहे. एका दर्शनी भिंतीला पन्नास काड्या लागल्या तर त्या नेहमीच्याच. मात्र गॉटशाल्क या जर्मन खेळणी कंपनीच्या घरांसारखं लाकडावर छापील कागद चिकटवलेलं काम असेल तर थुंकीही नको, पाणीही नको. तिथे मऊ खोडरबराचा कीस आणि मऊ ब्रश.

आता भिंतींकडे वळू, कारण माणसं इथेच हरतात.

जुन्या बाहुलीघराच्या भिंतीवर वॉलपेपरचे तीन-चार थर असतात. मुलीने लावलेला, तिच्या आईने लावलेला, कुणा काकांनी उरलेल्या ऑइलपेंटने झाकलेला. सगळ्यांत खाली मूळचा. तो शोधायचा तर धुराड्याच्या मागे किंवा जिन्याच्या पोटाखाली बघावं. तिथपर्यंत काकांचा ब्रश पोचलेला नसतो. वरचे थर काढायला कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं सुती फडकं दहा मिनिटं लावून ठेवावं आणि बोथट पात्याने उचलावं. दहा म्हणजे दहाच. प्लायवूड जास्त भिजलं की त्याचे पापुद्रे सुटतात, आणि हार्डबोर्ड कडांना एकदा फुगला की जन्मभर फुगलेलाच राहतो. मूळचा कागद सापडला आणि बरा असला तर माझं मत स्पष्ट आहे : हात लावू नये. फाटका, डागाळलेला, तसाच राहू द्यावा. त्याच्यावर नवा कागद हवाच असेल तर भिंतीवर चिकटवण्याऐवजी आम्लरहित पातळ पुठ्ठ्यावर चिकटवून तो पुठ्ठा खोलीत सरकवावा. पुढच्याला वाटलं तर तो काढू शकेल. पुढचा शिव्या देईलच, पण कमी देईल.

नवा कागद निवडताना भागाकार विसरला की घात होतो. दोन सेंटिमीटरचं गुलाबाचं फूल दुकानात नाजूक दिसतं. भिंतीवर चढलं की ते पाऊण फुटाचं होतं, आणि घरमालकीण फ्लॉवरच्या गड्ड्यांत उभी असल्यासारखी दिसते. नक्षी तीन-चार मिलिमीटरच्या वर नको. घरी छापलेला कागद असेल तर शाई पाण्याने पसरते का ते आधी कपट्यावर बघावं. इंकजेटची बहुधा पसरते, लेझरची टिकते.

चिकटवायला पिठाची खळ किंवा मिथाइल सेल्युलोज (पाण्यात कालवायची गोंदाची पूड). खळ कागदाला लावायची आणि लगेच भिंतीवर न लावता दोन-तीन मिनिटं थांबायचं. ओला कागद ताणला जातो. हे ताणणं भिंतीबाहेर झालं तर ठीक, भिंतीवर झालं तर फुगे. फुगे आले म्हणून घाबरून टाचणी मारायला धावू नये, त्यांतले बरेचसे वाळताना आपोआप बसतात, टाचणीचं भोक मात्र राहतं. आणि तिथल्या मापाने ते अर्धा इंच असतं. क्रम असा : आधी छत, मग मागची भिंत (ही दोन्ही बाजूंना पाच मिलिमीटर वळवून), मग बाजूच्या भिंती बरोबर कोपऱ्यापर्यंत कापून, शेवटी जमीन. कापण्यापूर्वी साध्या कागदाचा नमुना बसवून पाहावा, कारण खोली चौकोनी असते हा गैरसमज आहे. गुण्या लावला की कळतं, सत्तर वर्षांत चारही कोपऱ्यांनी आपापला संसार वेगळा थाटलेला असतो.

आणि हे सगळं करण्यापूर्वी वीज. वीज आधी. कागदावर कागद चढवून झाल्यावर ज्याला दिव्याची आठवण होते, त्याच्याविषयी मला करुणा वाटते.

जुन्या लुंडबीची वीज ४ व्होल्टची, हल्लीच्या बाहुलीघरांच्या संचांची बहुतेक १२ ची. ४ व्होल्टचा दिवा १२ वर लावला की तो एकदाच फार सुंदर उजेड देतो. एलईडी लावायची तर प्रवाह आवरणारा रोध (रेझिस्टर) हवा : १२ व्होल्टमधून एलईडीचे ३ वजा केले की उरतात ९, दहा मिलिअँपिअर प्रवाह धरला तर ९०० ओहम, म्हणून दुकानात मिळणारा एक किलोओहमचा घ्यावा. दिवा लागला नाही तर बहुधा तो उलटा जोडलेला असतो. भिंतीवर तांब्याची दुहेरी पट्टी चिकटवून वीज फिरवतात. बिघाड पट्टीत नाही, सांध्यात असतो, जिथे बारीक पितळी चुका ठोकून एका पट्टीतून दुसरीत वीज नेलेली असते. म्हणून प्रत्येक चुकेनंतर दिवा लावून बघावा, सगळ्या ठोकून झाल्यावर नव्हे. वीस चुका ठोकून मग बघितलं की एकविसावी आपली असते.

खिडक्या-दारांचं थोडक्यात. ट्रायअँगच्या पत्र्याच्या खिडक्या पत्र्याचेच कान वाकवून बसवलेल्या असतात. ते कान एकदा सरळ होतात, दुसऱ्यांदा कुरकुरतात, तिसऱ्यांदा तुटून हातात येतात. तेव्हा गंज काढायचा तर शक्यतो खिडकी जागेवर ठेवून, अगदी बारीक चार शून्यांच्या स्टील वूलने. काचांच्या जागी पिवळं पडलेलं, कापरासारखा वास येणारं सेल्युलॉइड असेल तर ते भुर्रकन पेटतं, विस्तवापासून लांब ठेवावं. नवी काच अर्ध्या मिलिमीटरच्या पारदर्शक अॅसिटेटची. ती सुपरग्लूने चिकटवू नये. सुपरग्लूची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी साय धरते, आणि कडाक्याच्या थंडीतलं घर आपोआप तयार होतं. बिजागरीचा स्क्रू फिरत नसेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक काही सेकंद त्याच्या डोक्यावर टेकवावं. भोक सैल असेल तर टूथपिक डिंकात बुडवून ठोकावी, कापावी, पुन्हा स्क्रू लावावा.

मग येते सजावट, जिच्यासाठी माणूस या भानगडीत पडला. पडद्यापासून सुरुवात केली की पश्चात्ताप लवकर होतो. खरा पडदा स्वतःच्या वजनाने पडतो. बाराव्या भागाच्या पडद्याला वजनच नसतं, तो खिडकीवर छत्रीसारखा उघडतो. उपाय : सगळ्यांत पातळ सुती किंवा रेशमी कापड, थर्माकोलवर प्लॅस्टिकचा कागद, प्रत्येक चुणीला वरखाली टाचणी, मग पांढऱ्या डिंकाचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग यांचा फवारा, रात्रभर वाळवण. सकाळी टाचण्या काढल्या की तो पडदा पुढची पन्नास वर्षं एकाच वाऱ्यात थिजलेला असतो. मखमल नको, मखमलीचा पडदा म्हणजे खिडकीत गालिचा.

फर्निचर कधीच एका मापाचं मिळत नाही. पलंग बाराचा, टेबल सोळाचं, टेबलावरचा टेलिफोन कुठल्याशा किल्लीच्या साखळीचा. युक्ती अशी की मोठ्या मापाच्या वस्तू पुढे, लहान मापाच्या मागच्या भिंतीला. खोली उलट खोल दिसते. बाकी घर आपल्याच घरातल्या वस्तूंवर भरतं. टूथपेस्टचं झाकण कुंडी होतं, पाच मिलिमीटरचा मणी दिव्याची बैठक. घरातली माणसं झाकणं शोधत असतात तेव्हा आपण वर्तमानपत्र वाचत असावं. कष्टांचं फार वाटू लागलंच तर १९४० च्या दशकात अमेरिकेत गुन्हेतपासाच्या शिक्षणासाठी बारा पटींनी लहान खोल्या करणाऱ्या फ्रान्सिस ग्लेस्नर ली आठवाव्यात. त्यांतल्या मेलेल्या बाहुल्यांचे मोजेसुद्धा त्यांनी टाचण्यांवर विणले होते. आणि खर्चाचं वाटू लागलं तर अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं पेट्रोनेला ओर्टमन यांचं बाहुलीघर, जे जमवायला लागले तेवढ्या पैशात तिथल्या कालव्याकाठी खरं घर आलं असतं.

शेवटी सगळं मांडून होतं. कप बशीत, फुलं कुंडीत, दिवे चालू. आता फक्त दर्शनी भिंत बिजागरीवर फिरवून बंद करायची. ती बंद होत नाही. दोन हात रंगाचे, एक अस्तराचा, कडेवरून वळवलेला कागद, असा मिळून एक मिलिमीटर चढलेला असतो, आणि जुन्या कारागिराने फट तेवढीच ठेवलेली असते. कड घासावी लागते. घासली की बसते. हळूच, दोन बोटांनी, श्वास रोखून लोटावी, चाप लावावा.

आतून टप् असा आवाज येतो.

म्हणून प्रत्येक वस्तूच्या बुडाला म्युझियम वॅक्सचा, म्हणजे वस्तू जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या चिकट मेणाचा, ठिपका लावतात, टाचणीच्या डोक्याएवढा, आधी बोटांत मळून मऊ केलेला. तो वस्तू मांडण्यापूर्वी लावायचा असतो.