ओटीपी आला का, पप्पा?

मुलगा सांगलीहून पुण्याला इंजिनीअरिंगला निघाला की पालकांच्या हातून दोन चुका होतात. ते रडतात, आणि फॉर्मवर त्याचा मोबाईल नंबर देतात. रडणं स्वारगेटला उरकतं. नंबर मात्र चार वर्षं नडतो. म्हणून सीईटीच्या नोंदणीपासून स्वतःचाच नंबर टाका. मग कॅपचं (म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं) लॉगिन असो, शिष्यवृत्तीचं महाडीबीटी पोर्टल असो की परीक्षेचा फॉर्म, पोरगं कुठल्याही दारात उभं राहिलं तरी किल्ली तुमच्या खिशात.

पसंतीक्रमही तुम्हीच भरा. ३०० पर्याय देता येतात, त्यामुळे मुलाची आवड २४७व्या क्रमांकावर सहज मावते. वर कॉम्प्युटर लिहा. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की, होते आणि घरातली चर्चा मिटते. मुलगाही थोडा फ्रीज होतो, पण ते पुण्याच्या थंडीवर ढकलता येतं.

पुढे शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं. तहसील कचेरीत त्या दिवशी साधा शर्ट घाला, आणि वास्तुशांतीत पाहुण्यांना सांगितलेला आकडा दाखल्यावरच्या आकड्याला कधी भेटू देऊ नका. लेक असेल तर २०२४-२५ पासून याच मर्यादेत तिचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. म्हणजे 'मुलीला एवढं शिकवून काय करायचं, खर्च केवढा!' या वाक्यातला उत्तरार्ध आता गाळावा लागेल. पूर्वार्ध अजून चालतो.

रॅगिंगविरोधी हमीपत्रावर मुलाबरोबर पालकाचीही सही असते. बिनधास्त करा. रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉल लावून 'कॅमेरा फिरव, मागं कोण हाय दाखव' म्हणणाऱ्यांना ते लागू नाही.

भाषा मात्र शिकून घ्या. पहिल्याच सेमिस्टरला तो 'रात्रभर जीटी मारली' म्हणेल. हे व्यसन नव्हे. काचेखाली दिवा लावून मित्राची ड्रॉइंग शीट जशीच्या तशी गिरवणे, याला इंजिनीअरिंगमध्ये जीटी म्हणतात, आणि शीट सबमिट झाली की ती कुणी काढली हे कुणी विचारत नाही. 'केटी लागली' म्हणजे विषय राहिला, पण पुढच्या वर्षात बसता येतं. (ही सोय संसारात असती तर आपल्यापैकी किती जण पहिल्या वर्षातून बाहेर पडले असते!) 'वायडी', म्हणजे अख्खं वर्षच वाया, हा शब्द ऐकू आला तर आधी खाली बसा. पाहुण्यांना यातलं काहीही सांगायचं नाही. 'निकाल लागायचाय अजून' एवढंच म्हणा. वर्षात कधीही म्हटलं तरी लोकांना खरं वाटतं, हे विद्यापीठांचे उपकार.

डबा एसटीने पाठवा. भडंग, शेंगदाण्याची चटणी, आणि तळाशी एक चिठ्ठी, तिच्यात आत्याच्या मुलाचं पॅकेज. कॉट बेसिसच्या खोलीत चौघं राहतात, तेव्हा भडंग वीस मिनिटांत संपतं. चिठ्ठी तशीच राहते. कॉलेजात ७५ टक्के हजेरी पुरते, तुमची त्याच्या आयुष्यात १०० हवी. म्हणून महिन्यातून एका रविवारी न कळवता जाऊन धडका. 'सहजच आलो, बँकेचं काम होतं' म्हणा. रविवारी बँक बंद असते हे त्याच्या लक्षात आलं तर शिक्षण वाया गेलेलं नाही असं समजा.

आणि तो फोन करत नाही ही तक्रार तर तुम्ही करूच शकणार नाही. दर फॉर्मला करतो. 'पप्पा, ओटीपी.' अशा वेळी सहा आकडे घाईने सांगून संधी दवडू नका. दोन आकडे सांगून जेवलास का ते विचारा. चौथ्यानंतर केस कापले का. पाचव्यापाशी आईला बोलायचं असतं. सहावा येईतो मुदत संपते आणि त्याला झक मारत पुन्हा फोन करावा लागतो. एका फॉर्ममागे दोन फोन, हिशेब चांगला पडतो.

मात्र तिसऱ्या वर्षी कधीतरी एका संध्याकाळी अवेळीच फोन येईल. फॉर्मची तारीख नाही, फीची नाही. 'काही नाही पप्पा, असाच केला,' म्हणेल आणि गप्प राहील. गांगरू नका. 'थांब जरा' म्हणा, चष्मा लावा, मेसेज उघडून खालपर्यंत नीट बघा, आणि सांगा, 'अजून नाही आला रे. परत पाठवायला सांग.'