अपील फेटाळले म्हणजे वावर गेले, हे खरे नाही

विदर्भातल्या गावोगावच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे: सातबाऱ्यावर नाव असूनही दिवाणी न्यायालयाने शेतकऱ्याविरुद्ध निकाल दिला, जिल्हा न्यायालयाने तोच कायम केला, म्हणजे अपील हा नुसता शिक्का आहे आणि आता दाद मागायला जागा नाही. यावर विसंबून माणसे मुदत घालवतात, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

आधी सातबारा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. पण तिच्यातून मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. समोरच्याने नोंदणीकृत खरेदीखत सिद्ध केले आणि आपल्याजवळ पटवाऱ्याने घेतलेल्या फेरफाराखेरीज (महसुली नोंदीतल्या बदलाखेरीज) काहीच नसले, तर केवळ निकाल विरुद्ध गेला म्हणून अन्याय झाला असे म्हणता येत नाही.

अपील हा शिक्का आहे, हे तर साफ चूक आहे. पहिल्या अपिलात साक्षी आणि दस्तऐवज पुन्हा तोलले जातात, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ३१ प्रमाणे मुद्दे, निर्णय व कारणे लिहावीच लागतात. धुऱ्याच्या (बांधाच्या) वादात मोजणीचा नकाशा का नाकारला, हे निकालाच्या मधल्या पानांवर असते. लोक मात्र 'अपील फेटाळण्यात येते' ही शेवटची ओळ वाचून घरी परततात.

जागा उरली नाही, हेही खरे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्याच कलम १०० खाली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे ९० दिवसांत दुसरे अपील करता येते. तिथे साक्षीपुरावा नव्याने तपासला जात नाही, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. महत्त्वाचा पुरावा विचारातच न घेणे हा तसा प्रश्न ठरू शकतो. मात्र अपील दाखल केल्याने ताबा घेण्याची कारवाई आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याहून नागपूर गाठणे गरिबाला झेपत नाही, ही तक्रार रास्त आहे आणि ती मला मनापासून पटते. पण महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करावी.

आणि निकालाच्या प्रमाणित नकलेवरच्या तारखा पाहाव्यात: अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली. नक्कल मिळण्यासाठी लागलेले हे दिवस ९० दिवसांच्या मोजणीतून वगळले जातात.