कांटने उपनिषदं चोरली म्हणे!

मामांनी घरच्या ग्रुपवर ढकललेला मेसेज भाचीच्या एम.ए.च्या टिपणांपर्यंत पोहोचला, म्हणून लिहिणं भाग आहे. दावा असा: कांटपासून हेगेलपर्यंत सगळ्या जर्मन चिद्वाद्यांनी (जगाच्या ज्ञानात मनाला, चैतन्याला मुख्य मानणाऱ्या तत्त्वज्ञांनी) उपनिषदांतून ‘जग मिथ्या’ उचललं, हेगेलची त्रयी (एक मत, त्याला विरोधी मत आणि दोन्हींचा समन्वय) म्हणजे आपले त्रिगुण, आणि हेगेल तर गीतेचा भक्त.

कांटचा ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ हा ग्रंथ १७८१चा. फ्रेंच अभ्यासक आंकेतील-द्युपेराँचं उपनिषदांचं लॅटिन भाषांतर छापलं गेलं १८०१-०२ मध्ये. विल्किन्सची इंग्रजी गीताही १७८५ची. मग चोरी केली कुठून? आपल्याला वैचारिक झोपेतून जागं केलं ते स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने, हे कांटने १७८३ साली स्वतःच लिहून ठेवलंय.

‘जग मिथ्या’ हा तर कहरच. १७८२च्या एका परीक्षणाने कांटला बर्कलीच्या, म्हणजे मनाबाहेर जडवस्तू नाहीतच म्हणणाऱ्याच्या, पंगतीत बसवलं, तेव्हा तो भयंकर चिडला. १७८७च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने ‘चिद्वादाचं खंडन’ असा भागच घातला; इथे चिद्वाद म्हणजे बाहेरचं जग नाकारणारं किंवा त्यावर शंका घेणारं मत. मनातल्या घडामोडींचा आधी-नंतर असा क्रम लावायचा, तर मनाबाहेर काहीतरी टिकून असलेलं लागतंच, हा त्यातला युक्तिवाद. ती दोन-तीन पानं वाचा, मेसेज तिथेच निकालात निघतो. त्या मंडळींचं खरं भांडण दुसरंच होतं. कांटच्या मते वस्तू आपल्याला भासते तशीच कळते, ती स्वतः कशी आहे हे कळतच नाही; तर ती आहे हे कशावरून? कांटचा टीकाकार याकोबी म्हणाला, ती मानल्याशिवाय कांटच्या दर्शनात शिरता येत नाही आणि मानून तिथे टिकता येत नाही. कांटनंतरच्या फिख्टेने ती काढूनच टाकली. ‘अंती सगळं एकच’ म्हणणाऱ्यांना हेगेलने १८०७ साली टोमणा मारला: अशा रात्री सगळ्याच गायी काळ्या! हा माणूस म्हणे अद्वैत चोरणार.

त्रिगुणांवर वेळ घालवत नाही. ती त्रयी मुळात फिख्टेच्या मांडणीतली, हेगेलच्या गळ्यात मागाहून पडलेली.

आणि गीताभक्ती? जर्मन भाषापंडित हुम्बोल्टच्या गीतेवरच्या व्याख्यानांचं हेगेलने १८२७ साली लांबलचक परीक्षण केलं. योगातली एकाग्रता त्याला पोकळ वाटली. त्याला संस्कृत येत नव्हतं, पूर्वग्रहही भरपूर होते. त्यावरून त्याला खुशाल झोडपा, पण भक्त म्हणू नका.

जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवरने उपनिषदांतून घेतलं, हे मात्र खरं आहे, मान्य. उपनिषदांना तो जगण्या-मरण्यातला दिलासा म्हणायचा. पण हेगेलला तो भोंदू म्हणायचा, आणि त्याच्या हातातलं लॅटिन पुस्तक मुघल शहजादा दारा शुकोहने करवून घेतलेल्या फारसी भाषांतरावरून झालेलं. मेसेजमध्ये दाराचं नाव नाही. का नाही, ते मामांनाच विचारा.